यंत्र तेच, हाकणारा नवा : लॅपटॉपची रेंज अचानक का जाते?

घरची यंत्रे, घरची दुरुस्ती



या सदरात आपण पंपाचा स्टार्टर पाहिला, शिलाई मशीन पाहिले, मिक्सरही उघडून पाहिला. आज लॅपटॉपकडे वळू. काही वर्षांपूर्वी हे यंत्र गुरुजींच्या नाहीतर ग्रामसेवकांच्या घरीच दिसे. आता कॉलेजला जाणारे पोर असलेल्या पुष्कळ घरांत ते आले आहे. पोर त्यावर अभ्यास करते, बाप त्यावर सातबारा पाहतो, महाडीबीटीवर ठिबकचा अर्ज भरतो आणि आई बचत गटाचा हिशेब मांडते. लॅपटॉप ही आता चैनीची वस्तू राहिलेली नाही. तो रुसला की घरचे काम अडते.

तक्रार बहुधा अशी असते. काल रात्रीपर्यंत ओसरीवर बसून वायफाय झकास चालत होते. रात्री लॅपटॉपने आपणहून अपडेट घेतले. सकाळी उघडला तर रेंजची एकच काडी उरली. राउटरपाशी नेऊन ठेवला तर चालतो, ओसरीवर आणला की गपगार. मोबाइल मात्र त्याच ओसरीवर व्यवस्थित चालतो.

आणि हे घडते नेमके अडचणीच्या वेळी. मुलीला प्रवेशासाठी कॉलेजांची पसंती भरायची असते आणि तो शेवटचा दिवस असतो. पाऊस चुकला तर दुबार पेरणी तरी करता येते, पण प्रवेशाची तारीख चुकली तर पुन्हा संधी मिळेलच असे नाही. एक दिवस हुकला की पोरीचे वर्ष जाते.

घाबरून लॅपटॉप तालुक्याच्या दुकानात नेला, तर पुष्कळदा एकच औषध सांगितले जाते : "फॉरमॅट मारू." फॉरमॅट म्हणजे घर झाडण्याऐवजी पाडून पुन्हा बांधणे. पैसे जातात, वेळ जातो आणि आधी नक्कल काढून ठेवली नसेल तर लग्नाचे फोटो, दाखल्यांच्या प्रती, गटाचे हिशेब सगळे पुसले जाते. रेंज कमी झाली या एका कारणासाठी फॉरमॅटची गरज क्वचितच पडते. म्हणून आधी घरी काय पाहता येते ते पाहू.

आधी अडलेले काम, मग दुरुस्ती

पीक सुकत असताना मोटार खोलून बसू नये, शेजारच्या विहिरीचे पाणी मागून पीक आधी वाचवावे. इथेही तेच. अर्जाची तारीख आज असेल तर दुरुस्तीच्या नादी लागू नका. मोबाइलची चार्जिंगची वायर घ्या आणि मोबाइल लॅपटॉपला जोडा. मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'हॉटस्पॉट आणि टेदरिंग' असे पान असते. त्यात 'यूएसबी टेदरिंग' चालू करा. लॅपटॉपला वायरीतून इंटरनेट मिळू लागते.

यातली एक गोष्ट पुष्कळांना माहीत नसते. अँड्रॉइड मोबाइल घरच्या वायफायवर जोडलेला असेल, तर टेदरिंगमधून तो सहसा तेच वायफाय लॅपटॉपला पुरवतो. मोबाइलचा डेटा खर्च होत नाही. म्हणजे लॅपटॉपच्या लंगड्या वायफायऐवजी मोबाइलचे धडधाकट वायफाय कामाला लागते. वायर मात्र डेटा नेणारी हवी. काही स्वस्त वायरी फक्त चार्जिंगपुरत्या असतात. त्यांनी मोबाइल चार्ज होतो, पण इंटरनेट मिळत नाही.

राउटर जवळ असेल आणि लॅपटॉपला रुंद चौकोनी भोक असेल, तर राउटरपासून सरळ नेटवर्कची केबल लावली तरी चालते. अर्ज भरा, पावती जपून ठेवा, चहा घ्या आणि मग निवांत दुरुस्तीला बसा.

ड्रायव्हर म्हणजे कोण?

ट्रॅक्टरला जसा ड्रायव्हर असतो, तसाच लॅपटॉपच्या प्रत्येक भागाला एक ड्रायव्हर असतो. हा माणूस नव्हे, ही आज्ञावली आहे. लॅपटॉपच्या पोटात वायफायचे एक छोटे कार्ड असते. किती जोराने बोलायचे, कोणत्या पट्टीवर बोलायचे, दमल्यावर कधी झोपायचे हे त्या कार्डाला त्याचा ड्रायव्हर सांगतो.

अपडेट आले म्हणजे पुष्कळदा हा ड्रायव्हर बदलला जातो. ट्रॅक्टर तोच, हाकणारा नवा. नवा माणूस बहुधा जुन्यापेक्षा हुशार असतो. जुन्याच्या चुका त्याने सुधारलेल्या असतात आणि चोर शिरतील अशा फटी बुजवलेल्या असतात. पण एखाद्या जुन्या ट्रॅक्टरचा क्लच त्याला माहीत नसतो. मग ट्रॅक्टर चांगला, डिझेल भरलेले, तरी नांगरट धड होत नाही.

याचे एक खरे उदाहरण आहे. रिअलटेक कंपनीची ८७२३बीई नावाची वायफायची चिप काही स्वस्त लॅपटॉपांत बसवलेली होती. कार्डाला अँटेना जोडायच्या खुंट्या दोन, पण त्या लॅपटॉपांत अँटेनाची वायर एकच. लिनक्स वापरणाऱ्यांना असा अनुभव आला, की ड्रायव्हर रिकाम्या खुंटीवर कान लावून बसे आणि रेंज अगदी मरगळलेली मिळे. त्या ड्रायव्हरला 'दुसरी खुंटी वापर' असे सांगण्याची सोय आहे. ती एक ओळ लिहिली की त्याच लॅपटॉपला त्याच जागी चांगली रेंज मिळू लागे. यंत्रात काहीच बिघडले नव्हते. म्हणून रेंज गेली की लगेच यंत्राला दोष देऊ नये.

विंडोज १०चा नेहमीचा मोफत आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. त्यामुळे ज्यांचे लॅपटॉप पात्र होते अशा पुष्कळांनी विंडोज ११ घेतले. एवढा मोठा बदल करताना एकाच वेळी अनेक ड्रायव्हर बदलले जातात. आपल्या घरी नुकताच असा बदल झाला असेल, तर ही बाब ध्यानात ठेवा.

दोष कुणाचा, ते आधी ठरवा

कावळा बसायला आणि फांदी तुटायला एकच गाठ पडते, तसे इथेही होते. अपडेट आले त्याच दिवशी राउटरसमोर कुणी पत्र्याची कोठी आणून ठेवली असेल, तर दोष अपडेटचा नाही. म्हणून तीन कसोट्या लावा.

पहिली कसोटी : लॅपटॉप आणि मोबाइल एकाच जागी शेजारी शेजारी ठेवा. दोघांचीही रेंज गेली असेल तर दोष राउटरचा किंवा जागेचा. फक्त लॅपटॉपची गेली असेल तर दोष लॅपटॉपचा.

दुसरी कसोटी : लॅपटॉप राउटरपासून ६ ते ८ फुटांवर आणा. तिथे रेंज भरपूर असेल आणि एक भिंत ओलांडताच कोसळत असेल, तर कार्ड जिवंत आहे. त्याचे बोलणे किंवा ऐकणे कमी झाले आहे, एवढेच.

तिसरी कसोटी : रेंज आकड्यात मोजा. काड्या पाहून अंदाज चुकतो. कीबोर्डवर विंडोजचे चिन्ह असलेली कळ दाबा, इंग्रजीत सी, एम, डी ही तीन अक्षरे लिहा आणि एंटर दाबा. काळी खिडकी उघडेल. तिच्यात इंग्रजीत चार शब्द लिहायचे आहेत. पहिला शब्द एन-ई-टी-एस-एच, दुसरा डब्ल्यू-एल-ए-एन, तिसरा एस-एच-ओ-डब्ल्यू आणि चौथा आय-एन-टी-ई-आर-एफ-ए-सी-ई-एस. प्रत्येक शब्दानंतर एक जागा मोकळी सोडा आणि शेवटी एंटर दाबा. विंडोज ११च्या नव्या आवृत्तीत यासाठी 'लोकेशन'ची परवानगी मागितली जाते. ती सेटिंगमधून तेवढ्यापुरती द्यावी.

आता बरीच माहिती येईल. त्यातल्या तीन ओळी वहीत उतरवा. 'सिग्नल' म्हणजे रेंज, शंभरपैकी किती ती. 'चॅनल' म्हणजे कोणत्या वाटेने बोलणे चालू आहे ते. 'रिसीव्ह रेट' म्हणजे माहिती येण्याचा वेग. सिग्नल ८०च्या वर असेल तर उत्तम. ४०च्या खाली गेला की काम अडखळू लागते. हा आकडा राउटरजवळ, माजघरात आणि ओसरीवर असा तीन ठिकाणी घ्या. पुढे जो जो उपाय कराल, त्यानंतर याच तीन जागी पुन्हा मोजा. म्हणजे गुण आला की नाही ते आकडाच सांगेल.

आता अपडेट खरेच कधी आले ते पाहा. सेटिंगमध्ये 'विंडोज अपडेट', त्यात 'अपडेट हिस्टरी', त्यात 'ड्रायव्हर अपडेट्स' अशी यादी असते. रेंज गेली तो दिवस आणि वायफायचा ड्रायव्हर आला तो दिवस जुळत असेल, तर संशय पक्का धरायला हरकत नाही.

साधे उपाय आधी

एक. लॅपटॉप 'रीस्टार्ट' करा. नुसता बंद करून चालू करणे म्हणजे रीस्टार्ट नव्हे. लवकर सुरू होता यावे म्हणून विंडोज बंद होतानाही आपली बरीचशी अवस्था जपून ठेवते आणि उघडताना तीच पुन्हा पुढे आणते. 'रीस्टार्ट' निवडले तरच सगळे मुळापासून सुरू होते. एवढ्यानेही काही वेळा काम भागते.

दोन. वीज वाचवण्याची सवय तपासा. विंडोजची कळ आणि एक्स ही कळ एकत्र दाबा. यादीतून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा. त्यात 'नेटवर्क ॲडॅप्टर्स' ही ओळ आहे, तिच्यावर दोनदा टिचकी मारा. ज्या नावात वायफाय किंवा वायरलेस असे लिहिले आहे, त्यावर उजवी टिचकी मारून 'प्रॉपर्टीज' उघडा. तिथे 'पॉवर मॅनेजमेंट' हा कप्पा दिसला, तर त्यात 'वीज वाचवण्यासाठी हे यंत्र बंद करू द्यावे' अशा अर्थाची इंग्रजी ओळ असते. तिच्यापुढची खूण काढा. काही लॅपटॉपांवर हा कप्पा दिसत नाही, तिथे पुढच्या उपायाकडे जा.

तीन. त्याच खिडकीत 'ॲडव्हान्स्ड' हा कप्पा उघडा. पुष्कळदा खरी गोम इथे असते. नवा ड्रायव्हर बसताना आपल्या जुन्या आवडीनिवडी पुसल्या जाऊ शकतात आणि कंपनीच्या मूळ सेटिंग परत येतात.

यात पट्टीची गोष्ट नीट समजून घ्या. घरचे वायफाय साधारणपणे दोन पट्ट्यांवर चालते. एक २.४ गिगाहर्ट्झची आणि दुसरी ५ गिगाहर्ट्झची. पहिलीची लाट सुमारे साडेबारा सेंटिमीटर लांबीची, दुसरीची सुमारे ६ सेंटिमीटरची. लांब लाट भिंतीपलीकडे बरी पोचते, पण वेग कमी. आखूड लाट वेगवान, पण दोन भिंतींत दमते. बैल आणि घोडा असा हा फरक आहे. चिखलातून गाडी ओढायची तर बैल बरा, मोकळ्या रस्त्यावर घोडा. नवा ड्रायव्हर घोडाच पसंत करू लागला तर राउटरजवळ वेग वाढतो आणि ओसरीवर रेंज जाते.

आपण वहीत चॅनल लिहिला आहेच. तो १ ते १३ मधला असेल तर पट्टी २.४ची, ३६ किंवा त्यापुढचा असेल तर ५ची. दुरून बसून काम करायचे असेल तर 'प्रिफर्ड बँड' या ओळीत २.४ निवडून पाहा. 'ट्रान्समिट पॉवर' ही ओळ असेल तर ती सर्वांत वरच्या पायरीवर ठेवा. या ओळींची नावे कार्डाच्या कंपनीप्रमाणे थोडी बदलतात. एखादी दिसलीच नाही, तर सोडून द्या.

एका वेळी एकच गोष्ट बदला आणि बदलण्यापूर्वीची नोंद वहीत करा. चार औषधे एकदम फवारली तर कोणत्या औषधाने कीड गेली ते कळत नाही.

चार. लॅपटॉपजवळच्या वस्तू पाहा. ब्लूटूथचा माउस, ब्लूटूथचे कानातले यंत्र हे २.४च्याच पट्टीवर बोलतात. यूएसबी ३च्या भोकात लावलेली बाहेरची हार्ड डिस्कही त्या पट्टीत गोंगाट करते. अशा वस्तू काढून पुन्हा आकडा मोजा.

जुना हाकणारा परत बोलवा

वरच्या उपायांनी गुण आला नाही, तर जुना ड्रायव्हर परत आणायचा. त्याच 'प्रॉपर्टीज' खिडकीत 'ड्रायव्हर' हा कप्पा आहे. त्यात ड्रायव्हरची तारीख आणि आवृत्तीचा आकडा दिसतो. दोन्ही वहीत लिहा. तिथली तारीख बसवल्याची नसते, कंपनीने तो बनवला तेव्हाची असते. दोन वर्षांपूर्वीची तारीख दिसली म्हणून गोंधळू नका.

खाली 'रोल बॅक ड्रायव्हर' अशी कळ आहे. ती दाबा, कारण विचारले तर कोणतेही निवडा, 'येस' म्हणा आणि काम झाल्यावर रीस्टार्ट करा. मग तीन जागी रेंज मोजा. आकडा पूर्वीसारखा चढला, तर रोग सापडला आणि औषधही.

ही कळ कधी कधी पुसट असते, दाबली जात नाही. याचा अर्थ जुन्या ड्रायव्हरची नोंद लॅपटॉपने ठेवलेली नाही. तेव्हा 'अपडेट ड्रायव्हर' निवडा, मग 'ब्राउज माय कॉम्प्युटर' आणि त्यातली 'लेट मी पिक' ही ओळ. तिथे आधी बसवलेले ड्रायव्हर असतील तर यादी दिसते. त्यातला जुन्या आवृत्तीचा निवडा.

यादीतही नसेल तर लॅपटॉप बनवणाऱ्या कंपनीच्या अधिकृत संकेतस्थळावर जा. लॅपटॉप उलटा करा, खाली मॉडेलचे नाव आणि क्रमांक असतो. तो क्रमांक घालून मदतीच्या पानावर वायफायचा ड्रायव्हर शोधा. बहुतेक कंपन्या नव्याबरोबर काही जुन्या आवृत्त्याही ठेवतात. लॅपटॉपवर इंटरनेट धड नसेल तर मोबाइलवर उतरवून वायरीने लॅपटॉपमध्ये घ्या.

एक इशारा. 'अनइन्स्टॉल डिव्हाइस' अशीही एक कळ तिथे आहे. तिच्यात ड्रायव्हर मुळासकट काढण्याची खूण असते. नवा ड्रायव्हर हातात नसताना ती खूण करून ड्रायव्हर काढू नका. दुसरा दोर बांधल्याशिवाय पहिला सोडला तर बादली विहिरीत जाते. मग उरलीसुरली एक काडीही राहत नाही. आधी ड्रायव्हरची फाइल लॅपटॉपमध्ये आणून ठेवा, मगच जुना काढा.

सेटिंगमध्ये 'नेटवर्क रीसेट' नावाचाही उपाय आहे. त्याने वायफायची सगळी मांडणी पुसून नव्याने बसते. जपून ठेवलेले पासवर्डही त्यात जातात. राउटरचा पासवर्ड माहीत असल्याशिवाय तो करू नये. आणि त्याने जुना ड्रायव्हर परत येत नाही, हेही लक्षात असू द्या.

तोच ड्रायव्हर पुन्हा घुसला तर?

असे होते. आपण जुना आणावा आणि चार दिवसांनी विंडोजने तोच नवा पुन्हा बसवावा. यासाठी 'विंडोज अपडेट'च्या पानावर अपडेट काही आठवडे थांबवून ठेवण्याची सोय आहे. तेवढ्या काळात कंपनी बहुधा सुधारलेला ड्रायव्हर आणण्याची शक्यता असते. मधूनमधून कंपनीचे पान पाहत राहा.

पण अपडेट कायमचे बंद करू नका. एका मजुराने बांध फोडला म्हणून कुणी शेताला कुंपणच घालायचे सोडत नाही. ज्या लॅपटॉपवर आपण बँकेचे व्यवहार करतो, त्याला सुरक्षेची अपडेट मिळालीच पाहिजेत.

घरच्या भिंती आणि पत्रे

आता समजा, पहिल्याच कसोटीत मोबाइलचीही रेंज कमी निघाली. मग घराकडे पाहा. आपली घरे शहरातल्या सदनिकांसारखी नसतात. काळ्या दगडाच्या दीड-दोन फुटी भिंती, पत्र्याचे छप्पर, मध्ये धान्याची पत्र्याची कोठी, न्हाणीत पाण्याची टाकी. पत्रा लाटेला परत फेकतो. पाणी लाटेला पिऊन टाकते. दगडी भिंत तिला दमवते. पावसाळ्यात भिंती ओल धरतात, तेव्हा रेंज आणखी उतरू शकते.

म्हणून राउटर कोपऱ्यात, फ्रीजमागे, कपाटात किंवा कोठीआड ठेवू नका. घराच्या मध्यावर, माणसाच्या डोक्याच्या उंचीला, मोकळ्या जागी ठेवा. दाराच्या चौकटीतून लाट सहज जाते, म्हणून ओसरी आणि राउटर यांच्यामध्ये दार येईल अशी जागा शोधा. घर फार लांबट असेल तर केबल ओढून ओसरीकडे दुसरा राउटर बसवणे हा पक्का उपाय आहे. पाणी लांब न्यायचे तर पाइपच टाकावा लागतो, नुसती मोटार मोठी करून भागत नाही.

आतली वायर सुटली असेल तर

जुना ड्रायव्हर आणला, नवाही करून पाहिला, तरी आकडा चढत नाही. राउटरपाशी ठीक आणि दहा पावलांवर मेल्यासारखा. अशा वेळी दोष बहुधा ड्रायव्हरचा नसतो, अँटेनाचा असतो.

लॅपटॉपची अँटेना बाहेर दिसत नाही. ती बहुधा पडद्याच्या चौकटीत लपवलेली असते. तिथून केसासारख्या बारीक दोन वायरी बिजागरीतून खाली येतात आणि वायफायच्या कार्डावर इवल्याशा टिचबटणांनी बसतात. लॅपटॉप पडला, बिजागरी मोडली, किंवा बॅटरी नाहीतर रॅम बदलायला कुणी तो उघडला, तर हे टिचबटण निसटू शकते. म्हणून आठवून पाहा, गेल्या महिन्यात लॅपटॉप कुठे उघडला होता का? कुणाच्या हातून पडला होता का?

हे काम घरी करू नका. टिचबटण फार नाजूक असते, जोर लावला की मोडते. दुकानात न्या, पण जाताना काय म्हणायचे ते ठरवून जा. "रेंज कमी आहे, काय ते बघा," असे म्हणू नका. "ड्रायव्हर मागे नेऊन पाहिला, फरक पडला नाही. अँटेनाच्या वायरी कार्डावर बसल्या आहेत का तेवढे पाहा. फॉरमॅट करायचा नाही," असे सांगा. नेमके बोलणाऱ्या गिऱ्हाइकाला दुकानदारही नेमके उत्तर देतो. वहीतले आकडे दाखवा.

वायरी ठीक असून कार्डच गेले असेल, तर यूएसबीत लावायचा छोटा वायफाय डोंगल काही शे रुपयांत मिळतो. घेताना तो दोन्ही पट्ट्यांवर चालणारा आहे का ते विचारा. रेंजपायी नवा लॅपटॉप घेण्याची गरज नाही.

फसवणुकीपासून सावध

'ड्रायव्हर मोफत अपडेट करा' असे सांगणारे पुष्कळ सॉफ्टवेअर इंटरनेटवर आहेत. त्यांच्या नादी लागू नका. ड्रायव्हर घ्यायचा तो विंडोजकडून, लॅपटॉपच्या कंपनीकडून किंवा कार्डाच्या कंपनीकडून. तिसऱ्याकडून नाही.

कंपनीचा मदतीचा फोन क्रमांक शोधतानाही जपा. शोधात वर आलेला प्रत्येक क्रमांक कंपनीचा असतोच असे नाही. कुणी फोनवर म्हणाले, "अमुक ॲप टाका, तुमचा लॅपटॉप मी इथून दुरुस्त करतो," आणि मग बँकेचे पान उघडायला सांगितले किंवा ओटीपी मागितला, तर तिथेच फोन ठेवा. पैसे गेलेच, तर वेळ न दवडता १९३० या राष्ट्रीय मदत क्रमांकावर तक्रार करा आणि बँकेला कळवा. जितक्या लवकर कळवाल, तितकी पैसे अडवले जाण्याची शक्यता अधिक.

वहीत उतरून ठेवा

घरात गाईच्या वेताची नोंद असते, खताची असते. तशी लॅपटॉपचीही दोन पाने ठेवा. मॉडेल क्रमांक, वायफायच्या कार्डाचे नाव, नीट चालत असतानाच्या ड्रायव्हरची आवृत्ती, तीन जागी मोजलेली रेंज आणि राउटरचा पासवर्ड. ही नोंद लॅपटॉप धड असताना आजच करा. आजारी पडल्यावर निरोगीपणीचे आकडे मिळत नाहीत. महत्त्वाच्या दाखल्यांची एक प्रत पेनड्राइव्हवरही ठेवा.

आणि क्रम विसरू नका. काम अडले असेल तर आधी मोबाइलची वायर. मग शेजारी मोबाइल ठेवून कसोटी. मग रीस्टार्ट. मग वीज आणि पट्टीच्या सेटिंग. मग जुना ड्रायव्हर. शेवटी अँटेनाची वायर. स्वस्तातला उपाय आधी, खर्चाचा नंतर. पंपाचे पाणी तुटले की आपण आधी फुटव्हॉल्व्ह पाहतो, मग सांधे, मग मोटार. इथेही तीच रीत आहे.

घरातल्या मुलींना हे काम जरूर करू द्या. 'तुला काय कळते' असे म्हणून लॅपटॉप हातातून काढून घेऊ नका. प्रवेशाची तारीख तिची आहे, मग वायफायची किल्लीही तिच्याच हाती असलेली बरी.

पुढच्या अंकात इन्व्हर्टरच्या बॅटरीत पाणी कोणते आणि किती घालावे ते पाहू.